ऑपरेशनसाठी रक्त: घरच्या माणसाचं की पेढीतलं, एलायझा की नॅट?

ऑपरेशनची तारीख ठरते, डॉक्टर दोन पिशव्या तयार ठेवायला सांगतात आणि पुण्यातल्या बहुतेक घरांत दोन प्रश्न निघतात. रक्त आपल्याच माणसाचं घ्यावं की पेढीतलं? आणि जास्त पैसे मोजून 'नॅट' ही विषाणू थेट शोधणारी तपासणी केलेलं मागावं का?

घरचं रक्त जास्त सुरक्षित, हा समज मला धोक्याचा वाटतो. मेहुण्याला किंवा पुतण्याला सगळ्यांसमोर 'तू देतोस ना?' म्हटल्यावर त्याला मागे हटायला जागा उरत नाही. मागच्या वर्षी झालेली कावीळ, चार महिन्यांपूर्वी काढलेला टॅटू किंवा त्याहून खासगी काही तो फॉर्मवर लिहील याची खात्री कोण देणार? शिबिरात आपणहून येणाऱ्या ऐच्छिक दात्यावर असं दडपण नसतं. तो खरं सांगून रक्त न देताच परत जाऊ शकतो. नेहमीच्या दात्याची तर प्रत्येक वेळी तपासणी होते आणि जुन्या नोंदी असतात. कधी निकाल बदललाच, तर आधी दिलेलं रक्त कुणाला गेलं याचा माग काढता येतो. शिवाय रक्ताच्या नात्यातला दाता असेल तर त्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच उलटण्याचा धोका असतो. हे दुर्मिळ आहे, पण झालं तर बहुधा जिवावर बेततं. म्हणून अशी पिशवी आधी इरॅडिएट करून, म्हणजे किरणांनी त्या पांढऱ्या पेशी निष्क्रिय करून घ्यावी लागते.

आता तपासणी. एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या पाच चाचण्या प्रत्येक पिशवीसाठी सक्तीच्या आहेत. नॅट सक्तीची नाही. विषाणूंसाठी सहसा एलायझा वापरतात. ती मुख्यतः शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) शोधते आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. नॅट थेट विषाणूचा जनुकीय अंश पकडते. हेपटायटिस सीमध्ये फरक सर्वांत मोठा: प्रतिपिंडं दिसायला दोनेक महिने लागू शकतात, नॅटला साधारण आठवडा-दीड आठवडा पुरतो. एचआयव्हीत एलायझाला दोन-तीन आठवडे लागतात, नॅटला साधारण दीड. तरी काही दिवस निसटतातच, आणि पेढीतल्या नेहमीच्या नॅटमध्ये सिफिलिस-मलेरिया येत नाहीत. पेढीत एक जरूर विचारा: नॅट प्रत्येक पिशवीची स्वतंत्र होते की अनेक नमुने एकत्र करून? एकत्र केलं की विषाणू थोडे असतील तर ते विरळ होऊन निसटू शकतात.

एकाच ऑपरेशनसाठी मी ऐच्छिक दात्याचं, एलायझा केलेलं रक्त निर्धास्तपणे घेईन. परवडत असेल तर नॅट. पण थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढतं, दरवेळी नव्या दात्याचं. तिथे नॅटचाच आग्रह धरा. या मुलांना रक्त मोफत द्यावं असे सरकारी आदेश आहेत, तेही दाखवून द्या.

नातेवाइकांना रक्त द्यायचंच असेल तर ते पेढीच्या साठ्यासाठी, सवडीने द्यावं. मे महिन्यात कॉलेजची मुलं गावी गेली की पुण्यात तुटवडा पडतो, तेव्हा तर नक्कीच. साठा कुठे आहे ते ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. अपघात किंवा बाळंतपणातला रक्तस्राव असेल तर मात्र यातलं काही विचारत बसू नका. तपासलेली जी पिशवी पहिली हाती येईल ती चढू द्या.