सिंगापूर-नेवार्क नॉनस्टॉप घ्यावी का?

सिंगापूर एअरलाइन्सची नेवार्कची (न्यूयॉर्कशेजारचं न्यू जर्सीतलं विमानतळ) डायरेक्ट फ्लाइट घ्यावी का असं इथले सिंगापूरमधले मराठी लोक सारखं विचारतात, कारण प्रत्येकाचं कोणी ना कोणी जर्सीत आहेच. परवडत असेल तर नक्की घ्या.

आता हिशोब. सरळ अंतर 15,344 किमी, ताशी 900 धरलं तर 17 तास, पण टाइमटेबलवर साडेअठराच्या आसपास दिसतात. कारण ती सगळ्यात जवळची रेषा उत्तर ध्रुवाशेजारून जाते आणि विमान सहसा तिच्यावरून जात नाही. जाताना बहुतेक वेळा जपानच्या बाजूने पॅसिफिकवरून अलास्काकडे, आणि येताना अटलांटिक ओलांडून युरोपवरून, म्हणजे दोन्ही वेळेला पूर्वेकडेच!! वरती जेट स्ट्रीम म्हणजे खूप जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, तो पाठीशी घेतला की किलोमीटर वाढतात पण वेळ आणि इंधन वाचतं. जाऊन येऊन पृथ्वीला अख्खी प्रदक्षिणा होते, मला हे जाम भारी वाटतं, पिक्चर सोडून मी मॅपच बघत बसतो.

हा रूट 2004 ला सुरू झाला होता, तेव्हा चार इंजिनांचं एअरबस ए340-500 विमान होतं, त्याला इंधन इतकं लागायचं की 2013 मध्ये बंद केला. ऑक्टोबर 2018 ला परत आला तो दोन इंजिनांच्या ए350-900 यूएलआरवर (अल्ट्रा लाँग रेंज, म्हणजे फार लांब पल्ल्याचं). टाकीत 1,65,000 लिटर मावतं, आणि वजन कमी ठेवायचं म्हणून सीट फक्त 161, त्यात 67 बिझनेस, 94 प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच, म्हणून तिकीट महाग.

पण आई-बाबांना नेताना मला त्या पैशांचं काहीच वाटलं नाही. फ्रँकफर्टला थांबत न्यूयॉर्कला जायचं तर चोवीस तासांच्या आसपास जातात, वर मध्येच उतरा, परत सिक्युरिटी, परत बोर्डिंग, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेच नको असतं. इथे एकदा बसलं की थेट नेवार्क. पाय ठेवायला जागा चांगली आहे आणि आतला हवेचा दाब जुन्या विमानांपेक्षा जमिनीच्या जवळचा ठेवतात त्यामुळे डोकं जड होत नाही, आई उतरल्यावर चक्क फ्रेश होती.

उन्हाळ्यात दोन शहरांत बरोबर 12 तासांचा फरक, हिवाळ्यात 13. म्हणून रात्री निघून पहाटे पोचता, तारीख मात्र फक्त एकच पुढे जाते. उतरल्यावर दिवसभर झोपू नका, उन्हात फिरा.

सीट निवडताना एकटे असाल तर प्रीमियम इकॉनॉमीच्या अगदी मागच्या रांगा बघा, तिथे खिडकीला एकच सीट असते, शेजारी कोणी नाही, बाजूला सामान ठेवायला जागा पण मिळते. दोघं असाल तर त्याच्या पुढची खिडकीकडची जोडी घ्या. आणि शाकाहारी जेवण तिकीट काढतानाच नोंदवून टाका.