डिप-स्ट्राइक शिकायला काय घ्यावं: क्लिनोमीटरवालं होकायंत्र की फोनमधलं अ‍ॅप?

भूशास्त्राच्या फील्डवर्कला सुरुवात करताना हातोडी आणि भिंग यांवर फार डोकं चालवावं लागत नाही. १० पटीचं भिंग घ्या, विषय संपला. घोडं अडतं ते डिप-स्ट्राइक कशानं मोजायचं इथं. (स्ट्राइक म्हणजे कललेल्या खडकाच्या थरावरच्या आडव्या रेषेची दिशा, डिप म्हणजे त्या थराचा आडव्या पातळीशी होणारा कोन.) फोन खिशात आहेच, अ‍ॅप फुकट मिळतं, मग होकायंत्रावर पैसे का घालवा? मी दोन्ही वापरली आहेत आणि अजूनही दोन्ही पिशवीत असतात, पण मान सारखा नाही.

ब्रंटन होकायंत्राचा विषय आधीच बाजूला ठेवतो. डेव्हिड ब्रंटन या खाण अभियंत्यानं १८९४ मध्ये पेटंट घेतलेलं हे यंत्र आजही उत्तमच आहे. पण ते महाग, वजनदार आणि नवख्याला गोंधळात टाकणारं: सुई जागेवर राहते आणि डबी फिरते, म्हणून तिच्यावर पूर्व-पश्चिम उलट छापलेल्या असतात. विभागाच्या कपाटात असेल तर हाताळून घ्या, स्वतःचं नंतर बघा. खरी निवड आहे ती पारदर्शक पट्टी, फिरती तबकडी आणि आत लोंबता काटा (उतार मोजणारा क्लिनोमीटर) असलेलं साधं होकायंत्र आणि फोन यांच्यात.

फोनची बाजू लंगडी नाही. थरावर टेकवला की डिप आणि डिपची दिशा एकदम मिळते, जागेचे अक्षांश-रेखांश आणि फोटो सोबत नोंदले जातात, काही अ‍ॅप तर जागच्या जागी स्टिरिओनेटवर (दिशा आणि कोन मांडायच्या गोल आलेखावर) बिंदूही टाकतात. जॉइंटची (खडकातल्या भेगांची) भरमसाट मापं घ्यायची असतील तर हा वेग हवाहवासा वाटतो. मंद उताराच्या थरांवर तर तत्त्वतः फोन सरस ठरावा. ५ अंश डिपच्या थरावर होकायंत्राची कड आडवी धरताना १ अंशानं कलली, तरी स्ट्राइक ११ अंशांच्या आसपास सरकतो. ४५ अंशांच्या थरावर तीच चूक जेमतेम एका अंशाची. फोनला कड आडवी धरायची भानगडच नाही. (होकायंत्रवाल्यांनी अशा ठिकाणी थरावर बाटलीतलं थोडं पाणी ओतावं. ते ज्या दिशेला ओघळतं ती डिपची दिशा, तिच्याशी काटकोनात स्ट्राइक.)

तरीही माझं मन फोनवरून उडालं ते एका गोष्टीमुळे. खडबडीत थरावर क्लिपबोर्ड ठेवायचा, त्यावर फोन ठेवून माप घ्यायचं, मग बोर्ड न हलवता फोन उलटसुलट फिरवून पुन्हा माप घ्यायचं. प्रतल तेच, म्हणजे उत्तरही तेच यायला हवं. डिपचा आकडा येतो तसाच. तो गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या संवेदकाकडून येतो आणि बहुतेक फोनमध्ये तो चोख असतो. दिशेचा आकडा मात्र माझ्याकडे कधी दोन-तीन अंशांनी, तर कधी चांगला दहा-पंधरा अंशांनी हललेला असायचा. हवेत आठचा आकडा काढून कॅलिब्रेट केलं की थोडा वेळ शहाण्यासारखा वागे, मग पुन्हा तेच. कव्हरमधलं लोहचुंबक काढून पाहिलं. फरक पडला, पण दुखणं गेलं नाही. तुमचा फोन कदाचित याहून गुणी असेल, खात्री करायला हीच चाचणी पुरेशी आहे.

चुकण्याबद्दल माझी तक्रार नाही. होकायंत्रही चुकतं: हातोडी जवळ ठेवा, मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजानं भरलेल्या खडकाला टेकवा, सुई भरकटलीच. पण ती भरकटताना दिसते. थरथरते, एकीकडे ओढली जाते, चार पावलं मागं सरकलं की भलतंच दाखवते, आणि आपण सावध होतो. फोनचा आकडा आजारी असला तरी चेहरा टवटवीत. १२७ लिहिलेलं असतं, तेही दशांशासकट, आणि ते खोटं आहे हे संध्याकाळी नकाशावर खुणा मांडताना कळतं. एकाच थराच्या खुणा चारी दिशांना तोंडं करून बसलेल्या. त्या वेळी खडक समोर नसतो, आणि कुठला आकडा खरा हे विचारायचं कुणाला?

शिकणाऱ्याच्या दृष्टीनं आणखी एक. साध्या होकायंत्रानं मापायचं तर आधी प्रतलावरची आडवी रेषा शोधावी लागते. पट्टीची कड तिला लावायची, पट्टी सपाट धरायची, तबकडी फिरवून उत्तरेची खूण सुईखाली आणायची. गंमत म्हणजे यानंतर होकायंत्र खडकावरून उचललं तरी आकडा तबकडीवर तसाच राहतो; छताखाली आडवं पडून माप घेतलं असेल तर हे सुख कळतं. मग तबकडी पूर्व-पश्चिम रेषेवर आणून, पट्टी उभी करून, स्ट्राइकला काटकोनात टेकवली की लोंबता काटा डिप दाखवतो. या खटाटोपात प्रतल डोळ्यांत बसतं. अ‍ॅपवर शिकलेल्यांना फील्डबुकमध्ये स्ट्राइकची रेघ काढून तिच्यावर डिपची काडी कुठल्या बाजूला मारायची, इथं अडखळताना मी पाहिलं आहे. सगळ्यांचं तसं होतं असं म्हणणार नाही.

घेणार असाल तर दोन गोष्टी दुकानातच बघा. लोंबता काटा असलेलंच घ्या, कारण बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या स्वस्त मॉडेलांत तो नसतो. आणि सुई आपल्या भागासाठी संतुलित केलेली आहे ना, हे विचारा. दुसऱ्या गोलार्धासाठी बनवलेली सुई एका टोकाला झुकून तबकडीच्या तळाला घासते. चुंबकीय दिक्पात (सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन) जुळवायची सोय असली तर बरं, नसली तर आकडेमोडीनं भागतं, फक्त वहीच्या पहिल्या पानावर दिक्पात जुळवला की नाही ते लिहून ठेवा.

फोन मी फोटोला, जागेच्या नोंदीला आणि डिप पडताळायला काढतो. दिशा मात्र सुईची.