उतरवता येईल तेच लावायचे: पोलोच्या काळ्या टपाचे चौदा महिने

माझी फोक्सवॅगन पोलो २०२१ सालची, पांढऱ्या रंगाची आणि एक लिटरच्या टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, इंजिनची आहे. तीन सिलिंडरचे हे इंजिन ११० पीएस शक्ती आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क देते. मुंबईत मुलुंडहून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलाला) रोज जाताना, ईस्टर्न एक्सप्रेस हायवे सोडून सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्यावर चढल्यावर क्वचित कधी रस्ता मोकळा मिळालाच, तर ही गाडी साध्या हॅचबॅकसारखी मुळीच वागत नाही. दिसायला मात्र ती कोणत्याही पांढऱ्या टॅक्सीच्या शेजारी उभी केली तर पटकन ओळखू येत नाही, ही माझी जुनी तक्रार होती. चाकणच्या कारखान्यातले पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, त्यामुळे बदलून दुसरी घेईन हा मार्गही उरलेला नाही. कारखान्यातून आलेला मूळ रंग एकदा खरवडला गेला की पुन्हा तसा मिळत नाही, हे ध्यानात ठेवून मी एकच नियम घालून घेतला: जे लावायचे ते पुढे केव्हाही उतरवता आले पाहिजे. या नियमात बसणाऱ्या ज्या वस्तू मी घरच्या घरी लावल्या, त्यांतील मुख्य वस्तूचे, म्हणजे टपावर लावलेल्या सॅटिन (मंद चमकेच्या) काळ्या व्हाइनल फिल्मचे, म्हणजे रंगावर चिकटवायच्या पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्याचे, हे चौदा महिन्यांनंतरचे परीक्षण आहे.

सुरुवात चुकीची झाली होती, ती आधी सांगतो. टपाला हात घालण्याच्या आदल्या वर्षी मी ऑपेरा हाउसजवळच्या मोटार ॲक्सेसरीजच्या बाजारातून चकचकीत काळ्या फिल्मचा एक स्वस्त तुकडा आणला आणि दोन्ही बाजूंच्या आरशांवर चढवला. लावला त्या संध्याकाळी काम इतके सुबक दिसत होते की मी त्याची छायाचित्रे भावाला पाठवली. मे महिना उलटेपर्यंत फिल्म आकसून आरशाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मागे सरकली, उघड्या पडलेल्या गोंदावर धूळ बसून एक मळकट काळी रेघ तयार झाली आणि जूनच्या पहिल्या पावसात खोलगट भागातली फिल्म वर उचलली गेली. काढताना ती तुकड्यातुकड्यांनी निघाली व गोंद आरशावरच राहिला. तो घालवायला मला आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुनी बनियन आणि पूर्ण रविवार खर्च करावा लागला.

यामागचे कारण फिल्म कशी बनते यात आहे, आणि दुकानात ते सहसा कोणी सांगत नाही. स्वस्त फिल्म ही कॅलेंडर पद्धतीची असते: मऊ झालेले पीव्हीसी गरम रुळांमधून दाबून, ओढून पातळ करतात. या ओढण्याचा ताण फिल्ममध्ये तसाच राहतो, आणि पुढे ऊन लागले की फिल्म आपल्या जुन्या आकाराकडे परत जायला बघते. महाग फिल्म ओतीव, म्हणजे कास्ट असते. त्यात द्रवरूप पीव्हीसी एका पृष्ठावर पसरून भट्टीत वाळवतात. तिला कोणी ओढलेलेच नसल्यामुळे तिच्यात परत जाण्याची ओढ फारशी नसते, ती माणसाच्या केसाच्या जाडीइतकी पातळ असते आणि वळणदार पत्र्यावर नीट बसते. थ्रीएमची २०८० मालिका आणि एव्हरी डेनिसनची सुप्रीम रॅपिंग फिल्म ही या वर्गातली सर्वांत परिचित नावे आहेत. मी नेमकी कोणत्या कंपनीची घेतली ते मुद्दाम लिहीत नाही, कारण मोठ्या गुंडाळीतून कापून घेतलेल्या तुकड्याच्या अस्सलपणाची खात्री मला देता येणार नाही. मागच्या कागदावर छापलेले नाव पाहावे, पण तेवढ्यावर विसंबू नये. नखाने कोपरा ओढून पाहावा. ओतीव फिल्म हाताला मऊ लागते आणि कागदावरून सुटताना कडकडत नाही.

फिल्मची रुंदी १.५२ मीटर असते आणि पोलोचा टप त्यात मावतो, म्हणून मधे सांधा न देता एकाच तुकड्यात काम होते. मी दोन मीटर लांबीचा तुकडा घेतला. त्यासाठी चार हजार दोनशे रुपये मोजले, आणि स्वस्त फिल्मच्या मानाने हा दर चौपटीहून अधिक होता. गरम हवेचा झोत सोडणारी हीट गन, फिल्म दाबून बसवायची नमद्याची कड असलेली पट्टी, म्हणजे स्क्वीजी, आणि तोडता येणाऱ्या पात्यांचा कटर नागदेवी स्ट्रीटवर मिळाला. पृष्ठभागाचे तापमान दुरून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर लॅमिंग्टन रोडवरून आणला. हा थर्मामीटर चैनीचा वाटेल, पण या कामात त्याचा उपयोग सर्वांत जास्त झाला. ताणून बसवलेल्या कडांना शेवटी साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअसपर्यंत ऊब द्यावी लागते, तेव्हाच फिल्म तो ताण विसरते, आणि ही उष्णता हाताच्या अंदाजाने कळत नाही.

मुंबईत घरी फिल्म लावणाऱ्यासमोरची खरी अडचण जागेची आहे. बंद गॅरेज कोणाकडे असते? आमच्या इमारतीखाली स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांमधल्या उघड्या जागेत, पार्किंग आहे, तिन्ही बाजूंनी वारा येतो आणि एलबीएस मार्गावरच्या मेट्रोच्या कामाची बारीक धूळ वर्षभर गाड्यांवर बसत असते. मी फेब्रुवारीतला रविवार निवडला, कारण त्या दिवसांत सकाळचे तापमान वीस ते तीस अंशांच्या मधे राहते, आणि फिल्म त्यात फार कडक किंवा फार लिबलिबीत होत नाही. पहाटे साडेपाचला जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली, टप शॅम्पूने धुतला, क्ले बारने, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ वडीने, त्यावरचे खडबडीत कण काढले आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. वॉचमनने फिल्मचे दुसरे टोक धरले. एकट्याने हे काम होत नाही, याची मला खात्री आहे. सातच्या सुमारास दूध घेऊन येणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका थांबले आणि म्हणाले, "काय रे, चांगल्या गाडीच्या टाळक्याला काळं फासतोस?" त्यांना मी, काका, हे काढता येतं, असे सांगितले. ते पटल्यासारखे वाटले नाही.

प्रत्यक्ष लावणे मला वाटले होते त्यापेक्षा सोपे गेले, कारण या फिल्मच्या गोंदात हवा निसटण्यासाठी बारीक नाल्या असतात. मधून कडेकडे स्क्वीजी फिरवत गेल्यावर फुगे आपोआप निघून जातात. अवघड होते ते ॲन्टेनाभोवतीचे. दांडा फिरवून निघतो, पण त्याचे बूड काढायचे तर आतले छताचे कापड खाली घ्यावे लागते, आणि तेवढे धाडस माझ्यात नव्हते. म्हणून बुडाभोवती कापले, आणि तिथला काप जवळून पाहिला तर किंचित वाकडा दिसतो. पुढच्या काचेच्या रबराखाली फिल्म दोन मिलिमीटर खोचली. मागे, डिकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, घाईने मी एकदाच गरम केले आणि थर्मामीटर लावला नाही. पुढे जे काय बिघडले ते नेमके तिथेच.

आता चौदा महिन्यांचा हिशेब. एक पूर्ण मे आणि एक पूर्ण पावसाळा उघड्यावर गेला, कारण ऑफिसात छताखाली जागा मिळत नाही आणि दिवसभर गाडी एका पर्जन्यवृक्षाखाली असते. त्या झाडावरून पडणारा चिकट थेंब आणि पक्ष्यांची घाण दोन्ही फिल्मवरून ओल्या फडक्याने निघतात. वेळेवर काढली नाही तर मात्र घाणीचा पुसट डाग राहतो, आणि असे दोन डाग माझ्या टपावर आहेत. रंग फिका पडलेला नाही. कंपन्या आडव्या भागावरच्या फिल्मचे आयुष्य उभ्या भागापेक्षा बरेच कमी धरतात, आणि टपाइतका आडवा भाग गाडीवर दुसरा नाही, त्यामुळे हे समाधान सध्यापुरते आहे याची मला जाणीव आहे. चकचकीत ऐवजी सॅटिन निवडले हा निर्णय मात्र शंभर टक्के बरोबर ठरला. आमच्याकडे सकाळी गाड्या पुसायला येणारे भाऊ एका बादलीत आठ गाड्या पुसतात, आणि त्यांच्या फडक्यातल्या रेतीने चकचकीत काळ्या पृष्ठभागावर पहिल्याच महिन्यात कोळिष्टकासारख्या रेघा उमटतात. सॅटिनवर त्या दिसत नाहीत. एकच पथ्य आहे की त्यावर मेण किंवा पॉलिश लावू नये, नाहीतर ठिकठिकाणी तेलकट चमक येते. भाऊंना हे तीनदा सांगावे लागले. काळा टप दुपारी इतका तापतो की हात ठेवता येत नाही, आणि एसी पूर्वीपेक्षा उशिरा थंड करतो, हे पांढऱ्या गाडीच्या मालकाने आधीच समजून घ्यावे.

डिकीजवळचा तो कोपरा ऑगस्टमध्ये नखाएवढा उचलला गेला. पुन्हा गरम करून बसवला, तो दिवाळीपर्यंत टिकला, मग परत सुटला. दोष सर्वस्वी माझ्या घाईचा आहे.

बाकीच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. पुढच्या जाळीवरची क्रोम पट्टी आणि चारही अलॉय (मिश्रधातूची चाके) मी सोलता येणाऱ्या रबरी स्प्रेने काळे केले. अमेरिकेतील प्लास्टी डिप या नावाने हा प्रकार सर्वत्र ओळखला जातो, मी आणलेला डबा दुसऱ्या बनावटीचा होता. त्याचे गुपित थरांत आहे: दोन पातळ हात मारून थांबलात तर तो पुढे सोलत नाही, चुरा होऊन निघतो, म्हणून चार-पाच हात मारावेच लागतात. जाळीवर तो अजून छान आहे. चाकांवर मात्र वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाने कड उचलली आणि मग अख्खे चाक सोलून काढावे लागले, जे, खरे सांगतो, फार मजेचे काम होते. पेट्रोल या स्प्रेला विरघळवते. म्हणून टाकीच्या झाकणाच्या आसपास तो कधीच मारू नये, कारण आपल्याकडे पंपावर नोझल काढताना चार थेंब सांडल्याशिवाय राहत नाहीत. चाकांआडून दिसणारे ब्रेकचे कॅलिपर (डिस्क पकडणारे भाग) लाल रंगवण्याचा मोह झाला होता, पण तो रंग उतरत नाही, आणि पोलोला मागे ड्रम ब्रेक आहेत, तेव्हा पुढे लाल आणि मागे गंजके पिंप असे दृश्य झाले असते.

कायद्याबाबत एक खुलासा आवश्यक आहे, कारण दुकानदार या विषयावर सोयीचे तेवढेच बोलतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गाडीचा संपूर्ण रंगच बदलणार असाल तर आरटीओची परवानगी आणि नोंदणी प्रमाणपत्रावर नोंद हवी. माझी गाडी आजही कागदोपत्री आणि डोळ्यांनाही पांढरीच आहे. मागच्या दिव्यांवर धुरकट फिल्म लावण्याचा सल्ला मला दोन दुकानांत मिळाला. पावसात ब्रेकचा दिवा मागच्याला दिसू नये अशी व्यवस्था स्वखर्चाने कोणी का करावी, हे मला कळले नाही. काचांवरच्या काळ्या फिल्मला तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली आहे.

गेल्या आठवड्यात मी उतरवण्याची चाचणीही घेतली. टपाच्या तुकड्यातून उरलेली फिल्म मी त्याच रविवारी डाव्या आरशावर लावली होती. तिला हीट गनने कोमट करून, कोपऱ्यातून धरून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर अशी हळूहळू ओढली, तर ती अखंड निघाली आणि खालचा पांढरा रंग कारखान्यातून आला तसा मिळाला. गोंदाचा ठिपकाही नव्हता. पूर्वी कधी पुन्हा रंगवलेल्या बंपरवर मात्र हा प्रयोग करू नये, तिथे फिल्मबरोबर रंगही निघून येण्याची भीती असते. टप आणखी एक पावसाळा तसाच ठेवणार आहे. फक्त डिकीजवळचा तो कोपरा या रविवारी पूर्ण सोलून, तिथे वेगळा तुकडा बसवेन, आणि या वेळी थर्मामीटर वॉचमनच्या हातात देईन.