घबराटीवर गोळी की थेरपी? आधी आजाराचा प्रकार ओळखा

छातीत धडधड, घशाशी आवंढा, हातापायाला मुंग्या. असा त्रास सुरू झाला की नागपुरात पहिली चक्कर बहुधा धंतोली किंवा रामदासपेठेतल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे होते. ते योग्यच आहे. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यायलाच हवं, कारण थायरॉइड वाढला तरी अगदी अशीच घबराट होते. खरी पंचाईत सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर होते. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढं ऐकून माणूस घरी येतो आणि पुढे गोळ्या घ्यायच्या की समुपदेशन, यावर घरात वाद सुरू होतो. माझं मत स्पष्ट आहे: त्रासाचा प्रकार कळल्याशिवाय या वादाला अर्थ नाही. एका प्रकारात जे उत्तम लागू पडतं, ते दुसऱ्यात वाया जातं.

सतत काळजी करण्याचा आजार आणि पॅनिक, हे दोन सर्रास एकच समजले जातात. पहिल्यात त्रास मंद आचेवर चालू असतो. मुलाची परीक्षा, घराचा हप्ता, आईची शुगर, एक काळजी मिटली की दुसरी हजर. सहा महिने किंवा जास्त काळ बहुतेक दिवस हे चालतं, सोबत मान-खांदे आखडणं, चिडचिड आणि तुटक झोप. पॅनिक अटॅक मात्र अचानक येतो, काही मिनिटांत टोकाला जातो आणि ओसरतो. त्या मिनिटांत आपण मरतोय किंवा वेडे होतोय, अशी खात्रीच वाटते. खरं नुकसान त्यानंतर होतं. पुन्हा अटॅक येईल या धास्तीने माणूस आधी मेट्रो सोडतो, मग सीताबर्डीची गर्दी, मग एकट्याने घराबाहेर पडणंच.

काळजीच्या आजारात औषध आणि थेरपी दोन्ही साधारण सारखीच उपयोगी पडतात. त्यामुळे तिथे आवड, वेळ आणि खिसा बघून ठरवलं तरी चालतं. झोप, भूक आणि नोकरी या तिन्हींवर परिणाम झाला असेल तर मी औषध लांबवणार नाही. पॅनिकमध्येही दोन्ही चालतात, पण माझा कल थेरपीकडे आहे, कारण औषध थांबल्यावर त्रास उलटतो, तसं थेरपीत शिकलेल्या गोष्टींच्या बाबतीत सहसा होत नाही. ही थेरपी म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. थेरपिस्ट तुम्हाला मिनिटभर जागच्या जागी धावायला लावतो किंवा नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगतो. धडधड होते, डोकं हलकं होतं, अगदी अटॅकसारखं. मग तो विचारतो, काय वाटलं, किती वाटलं, शून्य ते दहा. पुन्हा करायला लावतो. चौथ्या-पाचव्या वेळी आकडा खाली येऊ लागतो आणि धडधडीने आपण मरत नाही, हे शरीरालाच पटतं. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर हे प्रकार डॉक्टरांना विचारूनच.

लिफ्ट, उंची, कुत्रा, इंजेक्शन अशा एकाच गोष्टीची भीती असेल तर रोजच्या गोळीचा फारसा उपयोग नाही. टप्प्याटप्प्याने त्या गोष्टीला सामोरं जाणं हाच उपचार, आणि तो बऱ्याचदा थोड्या बैठकांत होतो. लोकांसमोर बोलण्याची, चार लोकांत जेवण्याची भीती यापेक्षा चिवट असते. ती मुळात ‘लाजाळू स्वभाव’ म्हणून वर्षानुवर्षं खपून जाते. तिथे थेरपी आधी, आणि नोकरी-शिक्षण अडत असेल तर सोबत औषध. पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं, म्हणजे ओसीडी, आता वेगळ्या गटात धरतात. त्याला औषधाचा डोस बहुधा जास्त लागतो आणि फरक दिसायला दोन-तीन महिने जातात.

औषधांतही दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ होते, बेचैनी थोडी वाढतेही, आणि इथेच बरेच जण कंटाळून सोडतात. लैंगिक इच्छा कमी होऊ शकते. संकोच न करता डॉक्टरांना सांगा, बदल करता येतो. तरुण रुग्णाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी कळवायचं. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम मात्र अर्ध्या-एक तासात शांत करतात, म्हणून लोकांना तीच ‘खरी’ गोळी वाटते. काही आठवड्यांतच त्यांची सवय लागू शकते, आणि एकदम बंद केल्या तर फिट्सही येऊ शकतात. जुन्या चिठ्ठीवर मेडिकल दुकानातून त्या परत परत आणणं हे मला या सगळ्यात सर्वांत धोक्याचं वाटतं.

थेरपीची अडचण वेगळी. आठवड्याला एक बैठक, साधारण बारा ते सोळा आठवडे, शिवाय घरचा अभ्यास. खाजगीत खर्च जाणवतो. आपल्याकडे कुणीही ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावतो, त्यामुळे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का आणि सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, करता का, हे दोन प्रश्न फोनवरच विचारा. औषध लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांचा, म्हणजे इथे मनोविकारतज्ज्ञाचा. मानसशास्त्रज्ञ गोळी लिहीत नाही.

पैशाची ओढाताण असेल तर नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या, म्हणजे मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्सच्या मनोविकार ओपीडीत जा. रांग लागेल, पण निदान नीट होईल. प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाला घरचे बिचकत असतील तर या तिन्ही ठिकाणी तो प्रश्नच येत नाही, बाकी रुग्णांसारखीच चिठ्ठी काढायची. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पहिल्या भेटीला जाताना आठवडाभराची नोंद न्या: त्रास कधी झाला, किती मिनिटं टिकला, त्याआधी काय चाललं होतं, दिवसात चहा-कॉफी किती झाली, आणि भीतीपोटी काय काय करणं सोडलं. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही पिशवीत टाका, आयुर्वेदिक असल्या तरी.