खाऱ्या हवेत हातकामाचे प्रिंट : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

पावसाळा सरता सरता माझ्या घरच्या छापील चित्रातील, सोनेरी वर्ख लावलेल्या जाळ्याच्या गाठी हिरव्या पडल्या, म्हणून साडेनऊ हजार रुपये मोजून घेतलेल्या या वस्तूविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायातील मासेमारीचे हे प्रिंट मी नाताळाआधी मागवले आणि वसईतील आमच्या घरात, समुद्राकडे उघडणाऱ्या खिडकीशेजारच्या भिंतीवर लावले. सुती कागद, पिगमेंट शाई, क्रमांकित प्रत हे तपशील अशी प्रिंट घेणाऱ्यांना ठाऊकच असतात. माझा मुद्दा छपाईनंतर हाताने लावलेल्या सोनेरी वर्खाचा आहे.

वर्ख वजा केला तर या चित्रात फारसे वेगळेपण उरत नाही. गोव्याचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी येशूच्या आईला, मरियेला, भारतीय रूप देत साडी नेसवली. त्या वाटेने हा चित्रकार जात नाही, त्याच्या चित्रातले येशूचे शिष्य बायबलमधल्या गालिलीतच राहतात. मात्र येशूच्या मस्तकाभोवती त्याने प्रभावळ दिलेली नाही. सोनेरी रंग केवळ जाळ्याच्या गाठींवर आणि किनाऱ्यावरच्या निखाऱ्यांवर आहे. १५३ मोठे मासे लागूनही जाळे फाटले नाही, हे योहान आवर्जून नोंदवतो, आणि त्या जाळ्याची एकेक गाठ इथे वर्खाने बांधून दाखवली आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातल्या मासेमारीत मात्र जाळी फाटू लागतात. या दोन प्रसंगांची सरमिसळ न करणारा चित्रकार मला फार मोलाचा वाटतो. निखाऱ्यांवर पारदर्शक जेलचे जाड फटकारे आहेत आणि संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की ते धगधगू लागतात.

जुलैमध्ये गाठींचा पिवळा रंग आधी तांबूस झाला, मग खिडकीकडच्या कडेला मोहरीएवढे हिरवे ठिपके उठले. खऱ्या सोन्याचे खाऱ्या हवेत असे होत नाही. हा वर्ख तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूचा, म्हणजे पितळेचा होता आणि त्यावर संरक्षक वॉर्निशचा हात फिरवलेला नव्हता. पितळ ओलीने आणि मिठाने कसे कळकते, हे चर्चमधली मेणबत्तीदाने घासणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. सोबतच्या प्रमाणपत्रात कागदाचे वजन, प्रतीचा क्रमांक आणि चित्रकाराची सही आहे. धातूचा उल्लेख मात्र कुठेही नाही.

विक्रेत्याने पुन्हा पुन्हा फोटो मागवले आणि शेवटी, हवामानामुळे झालेला बदल हमीत बसत नाही, असे कळवून पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली. किनारपट्टीवर माल पाठवणाऱ्याने असे उत्तर द्यावे, याचा मला संताप आला. तांब्याचे हिरवे क्षार हळूहळू कागदाचे तंतूही कमकुवत करतात, तेव्हा हा प्रश्न निव्वळ दिसण्याचा नाही.

त्या वेळी हे प्रिंट घेऊ नका, असेच मी सर्वांना सांगत होतो. वसईतल्याच पापडीच्या फ्रेमवाल्या काकांनी फ्रेम उघडली तेव्हा ते मत बदलावे लागले. आत बुरशी असणारच, असे आम्ही दोघेही धरून चाललो होतो. मागची एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची) पाटी ओलीने फुगली होती, पण कागद स्वच्छ होता. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली कड आणि उघडा भाग शेजारी शेजारी पाहिला. पहाटेच्या आकाशाची निळाई दोन्हीकडे तितकीच गडद होती. माउंटच्या जाडीमुळे काचही जेलला चिकटली नव्हती. छपाईला आणि कागदाला माझे पूर्ण गुण आहेत.

काकांनी पाटी बदलली, सुटलेली हिरवी भुकटी मऊ ब्रशने झटकली आणि गाठींवर ॲक्रिलिक वॉर्निश दिले. चित्र आता आतल्या भिंतीवर आहे. ठिपके तसेच आहेत, पण पसरलेले नाहीत. विक्रेता नंतर खऱ्या सोन्याचा वर्ख लावून देण्यास तयार झाला, मात्र दोन्ही बाजूंचा कुरिअर खर्च माझ्याकडून मागितला. दोष मुळातला असताना तो खर्च मी करणार नाही, असे मी लेखी कळवले आहे.

याच चित्रकाराचे वादळ शांत करणाऱ्या येशूचे प्रिंट मला घ्यायचे आहे. वर्ख किती कॅरटचा आहे आणि त्यावर वॉर्निश दिले आहे की नाही, हे बिलावर लिहून मिळाल्यावरच पैसे भरीन.