कोरीव म्हणून घेतलं, ओतीव निघालं

टोरंटोत इनुइट शिल्प, म्हणजे कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या मूळ रहिवाशांनी घडवलेलं शिल्प, घेणार असाल तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. माझे 380 डॉलर गेले.

डिसेंबरात पेणला जायचं होतं. बाबांचा जन्म गणपतीच्या कारखान्यात गेला, त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातचं काम दाखवावं म्हणून डाउनटाउनमधल्या एका दुकानातून घुबड आणि डोमकावळ्याची जोडी घेतली. सोबतच्या कार्डावर इनुइट गोष्ट होती. पूर्वी दोघंही पांढरे. एकमेकांना रंगवायचं ठरलं. कावळ्याने घुबडावर छान ठिपके काढले, पण स्वतःची पाळी आल्यावर एका जागी बसेना. चिडून घुबडाने दिव्याची काजळी त्याच्या अंगावर ओतली. दुकानदार म्हणाला, "बॅफिन बेटावर हाताने कोरलंय, अस्सल सर्पेंटाइन दगड." मी विश्वास ठेवला.

घुबड घरात आणलं म्हणून आई नाराज झाली, पण गोष्ट आवडली तिला. बाबांनी मात्र मूर्ती हातात घेऊन तळवा फिरवला, घुबडाच्या पंखाखाली अंगठा थांबवला. "अगं, हे कोरीव नाही, ओतीव आहे. बघ, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ. आमच्या पीओपीच्या मूर्तीला येते तशीच." खरंच होती, केसाएवढी. पेणच्या थंडीतही मूर्ती हाताला गार लागत नव्हती. दगडाची भुकटी घातलेलं रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक! परत येऊन त्याच दुकानात गेले, तर फळीवर तश्शाच तीन जोड्या. तिन्हींच्या चोचीवर तोच टवका.

पैसे परत मिळाले नाहीत. बिलावर नुसतं 'शोभेची वस्तू' होतं आणि कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'इनुइट कलेवरून प्रेरित'. 'प्रेरित' हा शब्द दिसला की थांबा. तोंडी सांगितलेलं बिलावर लिहून मागा, तिथे दुकानदार अडतो.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. बॅफिन बेटाजवळच्या किनगाइटसारख्या गावात इनुइट लोक दगड खाणीतून बोटीने नाहीतर स्नोमोबिलवर ओढून आणतात, कुऱ्हाड, ग्राइंडर, कानस घेऊन उघड्यावर धुळीत बसतात. त्यांच्या गोष्टीवर कमावलेल्या माझ्या 380 डॉलरमधला एक सेंटही त्यांच्याकडे गेला नाही.

या नकलांमुळेच कॅनडा सरकारने 1958 मध्ये इग्लूचं चित्र असलेला टॅग सुरू केला. 2017 पासून तो इनुइट आर्ट फाउंडेशनकडे आहे. त्यावर कलाकाराचं आणि गावाचं नाव असतं. प्रत्येक खऱ्या शिल्पाला तो असतोच असं नाही, पण कुणी कोरलंय हे चांगली गॅलरी लेखी देते.

मार्चमध्ये अशाच एका गॅलरीत गेले. आत शिरताच नाव आणि गाव विचारलं. तिथल्या बाईंनी सील या समुद्री प्राण्याचं तळहाताएवढं शिल्प उलटं करून माझ्या हातात दिलं. तळाशी इनुइट लिपीत खोदलेली सही होती, थोडी वाकडी, आणि दगड इतका गार की बोटं आखडली.