मानेवर सुया, नावावर कर्ज

'मोफत मणका तपासणी शिबिर' असा फ्लेक्स तुमच्या सोसायटीच्या गेटवर लागला असेल, तर आत जाण्याआधी हे वाचून घ्या. नाशिकला आमच्या सोसायटीत तो लागला होता. त्यात मी सापडले, माझे मिस्टर सापडले आणि आमच्याच इमारतीतली आणखी काही घरं सापडली. शिबिर भरवलं होतं ते ॲक्युपंक्चरच्या, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून उपचार करणाऱ्या, एका क्लिनिकने. त्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण हीच पद्धत दातांच्या, केसांच्या आणि वजन कमी करण्याच्या दुकानांतही चालते, असं आता आयोगाच्या बाहेरच्या बाकावर बसून कळतंय.

माझं काम हिशेबाचं. दिवसभर मान खाली, मार्चअखेरीला तर रात्रीही. सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस, म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज, असं एक्स-रेवर लिहून आलं होतं आणि फिजिओथेरपी चालू होती. हे एसटीत ड्रायव्हर होते. त्या सीटवर नोकरी काढलेल्या माणसाची कंबर कशी असते ते वेगळं सांगायला नको. डाव्या पायात मुंग्या यायच्या, एमआरआय झाला होता, ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी व्यायाम दिले होते. ते व्यायाम होत नव्हते, हे ओघाने आलंच.

शिबिर रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये. पांढरे कोट घातलेल्या दोन मुली, एक लॅपटॉप आणि वायरला जोडलेला एक धातूचा दांडा. "काकू, हा घट्ट धरून ठेवा, हलू नका." मिनिटभरात प्रिंटरमधून रंगीत पानांचा गठ्ठा बाहेर. यकृत, मूत्रपिंड, कॅल्शियम, शिसं, 'मणक्यातील वंगण', सगळ्यापुढे आकडे आणि लाल बाण. रक्ताचा थेंब न घेता! या यंत्राला क्वांटम ॲनालायझर म्हणतात. ते हातातून आलेले आकडे नसतातच. वय, उंची, वजन आणि स्त्री की पुरुष एवढं आधी लॅपटॉपवर भरलेलं असतं, त्यावरून सॉफ्टवेअर गठ्ठा छापतं. पुढे असंच यंत्र दुसऱ्या एका शिबिरात दिसलं, तेव्हा माझ्या भाच्याने दांड्याभोवती हळूच ओला रुमाल गुंडाळला आणि हात काढून घेतला. रुमालालाही कॅल्शियमची कमतरता निघाली.

तो गठ्ठा घेऊन आम्ही त्यांच्या क्लिनिकमध्ये गेलो. क्लिनिक टापटीप होतं. शिरताच समोर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा मोठा फोटो, खाली 'डॉ. कोटणीसांचा वारसा'. याचा मला अजूनही सगळ्यात जास्त राग येतो. कोटणीस सोलापूरचे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते, आणि तिथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी गेले. ते सर्जन होते, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करायचे. सुया टोचण्याची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बिजोय कुमार बसूंनी. १९५०च्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला जाऊन ती शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. पण बसूंचा फोटो लावून नाशिकच्या माणसाचे हात जोडले जात नाहीत, कोटणीसांचा लावला की जातात. दुकानदाराला हे बरोबर ठाऊक होतं.

'डॉक्टरां'च्या कार्डावर नावामागे एम.डी. आणि कंसात बारीक अक्षरात ए.एम. म्हणजे अल्टरनेटिव्ह मेडिसिन. ही एम.डी. मेडिकल कॉलेजातली नव्हे. भिंतीवर सोनेरी चौकटीत पाच-सहा प्रमाणपत्रं होती, सगळी कुठल्या तरी 'इंटरनॅशनल' संस्थेची. जे हवं होतं तेच नव्हतं. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र अधिनियम आहे, राज्याची ॲक्युपंक्चर परिषद आहे आणि उपचार करणाऱ्याची नोंदणी तिथे लागते. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या उपचाराला मान्यता दिली आहे. तेव्हा "आमच्या पद्धतीला नोंदणी लागत नाही" हे वाक्य कुणी ऐकवलं, तर पायात चपला घालाव्यात.

आता उपचाराबद्दल. सुरुवातीला मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. केसासारख्या बारीक सुया खांद्यावर, मानेच्या बुडाशी, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात. टोचताना मुंगी चावल्यासारखं, मग आत एक जडपणा. त्या रात्री कुशीवर वळताना कळ आली नाही. आणि याच बरं वाटण्यावर पुढचा सगळा व्यवहार उभा राहिला.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला रिसेप्शनवरच्या मुलीने वही उघडली. एका सिटिंगचे दीड हजार. पण 'कोर्स' घेतला तर छत्तीस सिटिंगचे बेचाळीस हजार, आणि काकांचीही कंबर धरली तर फॅमिली पॅकेज अठ्ठ्याहत्तर हजार. फक्त आज. सरांनी मध्येच डोकावून सांगितलं, "अर्धवट सोडलं तर दुखणं दुप्पट उसळतं, काकू." यांना म्हणाले, "एमआरआय ठेवा बाजूला, व्यायाम बंद करा, नस दबेल." पायात मुंग्या येणाऱ्या माणसाला व्यायाम बंद करायला सांगणारा हा गृहस्थ! पायातली ताकद कमी होऊ लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर सुया नाहीत, थेट हॉस्पिटल गाठायचं असतं. ही गोष्ट त्यानेच सांगायला हवी होती.

"एवढे एकदम नाहीत," मी म्हटलं.

"एकदम कुठे मागतोय? महिन्याला साडेसहा हजार, बारा महिने. एक पैसा व्याज नाही. मोबाइल द्या जरा."

मोबाइल तिच्या हातात गेला. आधार, पॅन, माझा एक सेल्फी, मग एकामागून एक ओटीपी. प्रत्येक वेळी स्क्रीन तिच्याकडे, आकडे मी वाचून दाखवायचे. शेवटी इंग्रजीत एक मेसेज आला, त्यात लोन हा शब्द होता. मी विचारलं. "तो सिस्टीमचा मेसेज आहे, सगळ्यांना येतो."

इथे थांबून नीट समजून घ्या. मला वाटत होतं की मी क्लिनिकला हप्त्याने पैसे देतेय. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर कर्ज मंजूर केलं, आपली कापून घ्यायची रक्कम कापून बाकीची एकरकमी क्लिनिकच्या खात्यात टाकली, आणि माझ्या बँक खात्यावर दरमहा वसुलीचा आदेश बसवला. क्लिनिकचे सगळे पैसे पहिल्याच आठवड्यात मोकळे झाले. त्यानंतर मी आले काय, न आले काय, त्यांना सारखंच.

फरक लगेच दिसू लागला. सर दिसेनासे झाले. सुया टोचायला त्या शिबिरातल्या मुली. एका खोलीत चार खाटा, सुयांना क्लिपा लावून करंटचं यंत्र, टायमर, पुढचा. आधी माझ्यासमोर सीलबंद पाकीट फाडून सुया काढायच्या, आता स्टीलच्या ट्रेमधून स्पिरिटच्या बोळ्याने पुसून. विचारलं तर मुलगी म्हणाली, "तुमच्याच आहेत काकू, तुमच्या नावाच्या डबीतल्या." डबीवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावरचं आडनाव आमचं नव्हतं. स्पिरिटने पुसून सुई निर्जंतुक होत नाही. हेपॅटायटिस बी आणि सी असेच पसरतात. सुई एकदाच वापरायची आणि पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फाटायला हवं. खांद्याच्या वरच्या भागात तर शिकाऊ हात अजिबात नको. तिथे सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं.

दिवाळीला शटरवर कागद लागला, 'सुट्टीनिमित्त बंद'. तुळशीचं लग्न झालं तरी तोच कागद. फोन बंद. हप्ता मात्र पाच तारखेला वेळेवर कापला गेला. फायनान्स कंपनीला फोन केला, तर पलीकडचा मुलगा अगदी सौजन्याने म्हणाला, "मॅडम, आमचा करार तुमच्याशी आहे. क्लिनिकशी तुमचं काय ते तुम्ही बघा."

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं, "हा दिवाणी मामला आहे." तसं नाही. बंद करायचंच ठरवून पैसे घेतले असतील तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. बाकीच्या पेशंटना गोळा करून एकत्र लेखी तक्रार नेली, तेव्हा ती घेतली गेली.

पावतीची गंमत तर तेव्हा कळली. तिच्यावर ॲक्युपंक्चर हा शब्दच नव्हता. 'वेलनेस सर्व्हिसेस, रक्कम परत मिळणार नाही.' सिटिंग किती, झाल्या किती, कशाचीच नोंद नाही. आमच्यातल्या एका ताईंनी प्रत्येक खेपेला क्लिनिकमधून बाहेर पडल्यावर सुनेला 'निघाले' असा मेसेज केलेला होता. तारखांचा पुरावा म्हणून तोच जोडला.

ग्राहक आयोगाची भीती बाळगू नका. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते, मुदत दोन वर्षांची. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला. आणि विरुद्ध पक्षात नुसतं क्लिनिक घालू नका, फायनान्स कंपनीलाही घाला. गायब झालेल्या माणसाविरुद्ध निकाल लागून तो भिंतीवर लावायचा का?

कंपनीसाठी दुसरा रस्ता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर लोकपाल. माहितीचा नंबर १४४४८. कंपनीने कर्ज देण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यायला हवं, त्यात खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. ॲपवरून घेतलेल्या कर्जात सुरुवातीची थोडी मुदत अशी असते की दंड न भरता माघार घेता येते. तो इंग्रजी मेसेज आला त्याच संध्याकाळी घरात कुणी वाचला असता, तर ही मुदत आमच्या हातात होती.

या भानगडीत मी सुयांबद्दल वाचूनही काढलं. २००७ मध्ये जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. सहा महिन्यांनी फरक पडलेले रुग्ण किती? नेमक्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांत ४७.६ टक्के, मुद्दाम भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांत ४४.२, आणि नेहमीच्या औषध-व्यायामाने २७.४. म्हणजे सुयांनी आराम पडतो, पण ती 'गुप्त बिंदूंची' पोथी सांगतात तेवढी खरी दिसत नाही. माझ्या कामाची ओळ वेगळीच होती. त्या अभ्यासात सिटिंग होत्या दहा, थोडा गुण आला तर आणखी पाच. छत्तीस आगाऊ विकणाऱ्याला हा हिशेब विचारा. आमच्याकडे नोंदणीकृत, सरळ काम करणारे ॲक्युपंक्चर डॉक्टर आहेत. त्यांच्यातल्या एकांनी मला सांगितलं, "सहा-आठ वेळा या, प्रत्येक वेळचे पैसे त्या वेळी द्या, फरक नसेल तर मीच थांबवीन." हे मात्र सध्या घरीच व्यायाम करतात, माझी नजर असते म्हणून.

आमची सुनावणी चालू आहे. मध्यंतरी कंपनीच्या माणसाने फोनवर तडजोड सुचवली, अर्धे भरा आणि मिटवा. तुम्हालाही असा फोन आला तर घाई करू नका. सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, अशा खात्यापुढे 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता मिटवलेलं) लिहिलं जातं आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की तेच आडवं येतं. 'क्लोज्ड' अशी नोंद, काही बाकी नसल्याचं नो ड्यूज पत्र आणि खात्यावरचा वसुलीचा आदेश रद्द, या तिन्ही गोष्टी करून देऊ असं कंपनीच्या मेलवरून लेखी आल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.